तालमीची टेप

१

टेप नाहीशी झाल्याचा फोन आला तेव्हा वकीलबाई कोर्टाच्या जिन्यावर एक पाय वर, एक पाय खाली अशा उभ्या होत्या, आणि फोन ठेवल्यावरही बराच वेळ तशाच राहिल्या. अशील आणि कारकून त्यांच्या कडेकडेने वाट काढत वर गेले. एकाने विचारलं, बाई, वर जायचंय का खाली? तेच तर त्यांना कळत नव्हतं.

टेप त्यांच्या आजोबांची. आजोबा गात गात निरूपण करायचे आणि अख्खं शहर त्यांना बुवा म्हणायचं. प्रार्थनागृहात बाकं भरायची, माणसं दाराबाहेर चपलांशेजारी बसायची. निरूपण संपलं की बुवा डोळे मिटून एक गाणं म्हणायचे. ‘दिवा मी मालवतो, तू जागा राहा.’ दिवसभर राबलेल्या माणसाने घर देवावर सोपवून अंग टाकावं, असं ते गाणं. बुवा गेले त्याला आता पन्नासहून जास्त वर्षं झाली, तरी लोक ते आजाऱ्याच्या उशाशी म्हणतात, लेकराला थोपटताना म्हणतात.

आणि आता ते नदीपलीकडच्या देशातल्या गाद्यांच्या एका कंपनीने उचललं होतं. जाहिरातीत एक गलेलठ्ठ गृहस्थ स्प्रिंगच्या गादीवर धपकन पडतो, मागे बुवांचा आवाज लागतो, आणि ‘तू जागा राहा’ या शब्दांवर गृहस्थ घोरायला लागतो.

ते पाहून आत्या जेवणावरून उठली होती. आत्या म्हणजे बुवांची लेक. लग्न केलं नाही, भावाच्या पश्चात भाचीला वाढवलं, शिकवलं, आणि वडिलांचं नाव हाच संसार मानला. ती वकीलबाईंना म्हणाली, ‘‘ती गादी तेवढी बंद कर, म्हणजे मी सुखाने डोळे मिटेन.’’ मग जरा थांबून म्हणाली, ‘‘साध्या सतरंजीवर.’’

खटला गुदरला गेला. पण गाणं बुवांचंच, याला पुरावा काय? बुवांनी आपल्या कशावरही कधी नाव घातलं नाही. देवाच्या दारात आपली पाटी कशाला, असं ते म्हणत. शेवटी प्रार्थनागृहाच्या माळ्यावर एक जुनी टेप सापडली. खोक्यावर ‘तालीम’ आणि खाली गाण्याचे पहिले दोन शब्द. हे गाणं जन्माला येतानाचा आवाज आता न्यायाधीशांच्या कानावर घालायचा होता. म्हणून टेप जुन्या ध्वनिफिती दुरुस्त करणाऱ्या टेपवाल्याकडे दिली होती.

दार फोडलेलं नाही, टेपवाला फोनवर सांगत होता, दुसरं काहीच गेलेलं नाही. ‘‘आणि आणखी एक आहे, मॅडम. ते फोनवर नाही सांगत.’’

२

टेपवाल्याचा स्टुडिओ एका इमारतीच्या तळघरात होता. भिंतींना जाड फोम, मधोमध कपाटाएवढं जुनं टेपयंत्र, आणि कोपऱ्यात फळं सुकवायचं एक विजेचं यंत्र. वकीलबाईंची नजर तिकडे गेली तशी तो म्हणाला, जुनी फीत चिकट होते, तशीच चालवली तर सोलून निघते. म्हणून आधी तिला मंद उबेत ठेवावी लागते, त्याला हेच यंत्र बरं. घरचे हसतात.

पण तो हसत नव्हता. काल त्याने बुवांची टेप उबेतून काढली आणि सुरुवातीचा तुकडा लावून पाहिला. व्हायोलिन जुळवताहेत, कुणी घसा साफ करतंय, एवढंच. उद्या निवांत उतरवून घेऊ, म्हणून त्याने टेप काढून मेजावर ठेवली, यंत्राचे भाग स्पिरिटने पुसले आणि लेकीच्या शाळेतल्या नाटकाला गेला. मुलगी झाड झाली होती. दार नुसतं ओढून घेतलं होतं, तळघरात कोण येतंय म्हणून.

आले होते मात्र तिघं. गाद्यांच्या कंपनीचा वकील येऊन कार्ड ठेवून गेला होता. समोरच्या न्हाव्याने व्हायोलिनकाकांना जिन्याच्या तोंडाशी बसलेलं पाहिलं होतं. बुवांच्या साथीला व्हायोलिन धरणारे ते काका, त्या तालमीतले एकटे उरलेले. आणि आत्या थर्मासमधून टेपवाल्यासाठी चहा घेऊन आली होती. थर्मास अजून टेबलावर होता.

‘‘आता हे बघा,’’ टेपवाल्याने यंत्रात फीत जिथे घासत जाते तिथून कापूस फिरवला. कापूस तपकिरी झाला. ‘‘मी काल पुसून ठेवलं होतं. फितीची एवढी भुकटी अख्खी टेप वाजल्याशिवाय पडत नाही.’’

म्हणजे चोराने टेप आधी ऐकली होती. शेवटपर्यंत.

वकीलबाईंनी विचारलं, वाजून झाल्यावर ती उजव्या चक्रीवर जाते ना? जाते, तो म्हणाला. या धंद्यातले आम्ही सगळे ती तशीच ठेवतो, शेवट बाहेर ठेवून. तशी ती जास्त टिकते. पण उजवी चक्री इथेच आहे, रिकामी. म्हणजे ज्याने नेली त्याने ती परत उलटी गुंडाळून मूळ चक्रीवर घेतली, आणि मग नेली.

चोरी करायला आलेला माणूस आधी बसून टेप ऐकतो आणि मग ती नीट गुंडाळून ठेवतो, हे वकीलबाईंच्या पचनी पडेना. त्या निघाल्या तेव्हा टेपवाला दारात आडवा उभा राहिला. त्याला अजून काही सांगायचं होतं. जाहिरातीसाठी बुवांच्या आवाजातली खरखर काढून गाणं स्वच्छ करून दिलं होतं ते कुणी, ठाऊक आहे?

‘‘मीच दिलं, मॅडम,’’ तो जमिनीकडे बघत म्हणाला.

३

त्याने चौकशी केली होती, असं तो शपथेवर सांगत होता. पलीकडे ते गाणं मोकळं आहे, कुणीही वापरावं, असं कंपनीच्या वकिलाने दाखवून दिलं होतं. मग घरी मुलगी तेच गाणं म्हणत झोपली आणि त्याला रात्रभर झोप नाही. टेप फुकटात दुरुस्त करून देतो, असं तो का म्हणाला होता, ते वकीलबाईंना आता कळलं.

गाद्यांचा वकील एका हॉटेलच्या दिवाणखान्यात भेटला. गोरागोमटा, नम्र, कॉफीत साखर ढवळताना चमचा कपाला लागू न देणारा. टेप चोरीला गेल्याचं ऐकून तो मनापासून हळहळला, आणि त्याचीच वकीलबाईंना भीती वाटली.

तो म्हणाला, बाई, तुम्ही कशाला धडपडताय? गाणं तुमच्या आजोबांचं हे आम्हाला कबूल आहे. लेखी देतो. तुमच्याकडे निर्माता गेल्यावर त्याचा हक्क बराच काळ घरात राहतो, म्हणून इथल्या कोर्टात तुम्ही जिंकाल. इथे आम्ही जाहिरात दाखवणार नाही. पण आमच्याकडे तो काळ आखूड आहे, आणि तुमचे आजोबा फार लवकर गेले. आमच्या कायद्याने त्यांचा हक्क कधीच संपला. तुमच्या न्यायाधीशांचा हुकूम तुमच्या वेशीपर्यंत. पलीकडे आमची गादी आमच्या कायद्यावर झोपणार.

‘‘एकच गाणं,’’ वकीलबाई म्हणाल्या, ‘‘नदीच्या या काठाला आमचं, आणि त्या काठाला कुणाचंच नाही?’’

‘‘आम्ही काय करणार, बाई. माणूस एकदाच मरतो, पण तो कधी मेला याचा हिशोब प्रत्येक देश वेगळा लावतो.’’

वकीलबाई बाहेर येऊन फुटपाथवर थबकल्या. बुवा हेच निर्माते, हे सिद्ध व्हावं असं त्यांना वाटत होतं. कंपनीलाही तेच हवं होतं. किंबहुना कंपनीची सगळी मदार त्यावरच होती. मग बुवांनी गाणं केलं असं सांगणारी टेप हा माणूस कशाला चोरील? ती टेप चोरण्याजोगी ठरते ती एकाच स्थितीत, तिच्यात काही भलतंच असेल तर. आणि ते ऐकल्याशिवाय कळण्यातलं नव्हतं.

तालमीत काय घडलं हे ऐकल्याशिवाय माहीत असलेला माणूस जगात एकच होता.

४

व्हायोलिनकाका दुसऱ्या मजल्यावर एकाच खोलीत राहत. खिडकीत कुंड्या, भिंतीवर पेटीत बंद व्हायोलिन. त्यांनी वकीलबाईंना खुर्ची दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेवर बसले. चहा त्यांनी दोन्ही तळव्यांमध्ये पेला धरून प्यायला. संधिवाताने बोटं आखडून कैक वर्षं झाली होती. कानाची कपबशी त्यांना धरता येत नसे.

काल का आला होतात, असं विचारल्यावर ते म्हणाले, ऐकायला. आयुष्य सरत आलं, एकदा ती तालीम ऐकावी म्हटलं. मग आत का गेला नाहीत? त्यावर ते म्हणाले, कुंड्यांना आज पाणी घालायचं राहिलंय. न्हाव्याने तर सांगितलं होतं की काका बराच वेळ जिन्याशी बसून होते आणि जाताना डोळे पुसत गेले.

वकीलबाईंचा स्वर नकळत कोर्टातला झाला. त्या तालमीत असं काय आहे, जे कुणी ऐकू नये असं तुम्हाला वाटतं? ज्यांच्या मांडीवर बसून आपण सा रे शिकलो त्या माणसाला आपण उलटतपासणीला उभं केलंय, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता.

काकांनी पेला खाली ठेवला. ‘‘टेप मीच नेली, वकीलबाई,’’ ते म्हणाले. ‘‘आणि टाकून दिली. माझं नाव घाला तुमच्या कागदात.’’

५

वकीलबाई पायीच घरी निघाल्या. गुन्हेगार सापडला होता, कबुली मिळाली होती, आणि तरी काकांचं नाव त्यांनी कागदात घातलं नव्हतं.

कपड्यांच्या धुलाईच्या दुकानासमोर त्या थांबल्या. काचेआड एक मुलगी शिलाईयंत्राच्या सुईत दोरा ओवत होती. दोनदा हुकला, तिसऱ्यांदा गेला. वकीलबाई ते बघत राहिल्या. मेजावर ठेवलेली टेप यंत्रावर चढवायची तर तिचं टोक हाताने खाचांमधून ओवावं लागतं. कपाचा कान ज्यांच्या बोटांना पेलत नाही त्यांनी ते ओवलं कसं?

काका खोटं बोलत होते. माणूस चोरी नाकारायला खोटं बोलतो; कबूल करायला खोटं बोलतो ते दुसऱ्या कुणासाठी तरी. जिन्याशी बसून त्यांनी कुणाला तरी बाहेर पडताना पाहिलं होतं.

टेपवाला स्वतः असता तर त्याने ती उलटी गुंडाळलीच नसती. गाद्यांच्या वकिलाला ऐकायचं कारणच नव्हतं. राहिलं कोण?

आत्या स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. वकीलबाई तिच्याजवळ जाऊन टेकल्या आणि लहानपणच्या गोष्टी काढाव्यात तसं त्यांनी विचारलं, बुवांचं घरी टेपयंत्र होतं ना, ते चालवायचं कोण?

‘‘मीच,’’ आत्याचा चेहरा उजळला. ‘‘त्यांना कुठलं जमतंय ते. मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून फीत ओवायची मी, आणि ऐकून झालं की परत गुंडाळून ठेवायची मी. विसरले तर धपाटा.’’

बोलता बोलता तिच्या हातातलं फडकं थांबलं.

आत्याने काही नाकारलं नाही. आतून तिने लोकरीची टोपली आणली आणि विणायला घेतलेल्या शालीखालून टेप काढून मेजावर ठेवली. कात्री लावणार होते, ती म्हणाली. दोनदा हातातही घेतली. ‘‘पण यात त्यांचा खोकला आहे गं. बाकीच्या गाण्यांत ते कधी खोकत नाहीत.’’

चहा द्यायला म्हणून ती गेली होती. तळघरात कुणी नव्हतं आणि मेजावर वडिलांचा आवाज पडला होता. तिला राहवलं नाही. लावली. बुवांचे शब्द होते, पण चाल भलतीच, ठेचकाळणारी. बुवा वैतागत होते, पुनःपुन्हा म्हणत होते, बसत नव्हतं. मग एक कोवळा आवाज भीत भीत म्हणाला, बुवा, असं घेतलं तर? आणि व्हायोलिनवर ती चाल आली. पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत, आज जग म्हणतं ती.

बुवा मग खोकले. मग म्हणाले, ‘‘ही चाल तुझी. उद्या सभेत सांगतो सगळ्यांना.’’

‘‘मी पुढच्या बाकावर बसायचे,’’ आत्या म्हणाली. ‘‘ते जाईपर्यंत एकही सभा चुकवली नाही मी. त्यांनी कधी सांगितलं नाही, पोरी. लोक पाया पडायचे, काय चाल बांधलीत म्हणायचे, आणि ते डोळे मिटून घ्यायचे. मला वाटायचं, केवढी ही नम्रता.’’

काल तिने वडिलांना वाचवलं होतं, आणि कालपासून तिला घास गिळवत नव्हता.

वकीलबाईंनी तिचा ओला हात धरला. त्यांनी सांगितलं ते असं. आपल्याकडे गाण्याचे शब्द वेगळे मोजतात, चाल वेगळी. पलीकडे तसं नाही. एकमेकांसाठी म्हणून बांधलेले शब्द आणि चाल तिथे एकच वस्तू धरतात, आणि हक्काचा काळ मोजायला सुरुवात होते ती करणाऱ्यांपैकी शेवटचा माणूस गेल्यावर. शेवटचा माणूस अजून गेलेला नाही. तो दुसऱ्या मजल्यावर कुंड्यांना पाणी घालतोय.

आत्याने हळूहळू हिशोब मांडला. ‘‘म्हणजे गाणं एकट्या बुवांचं म्हटलं, तर गादी राहते.’’

‘‘हो.’’

‘‘आणि दोघांचं म्हटलं, तर गादी जाते.’’

‘‘पण दावा काकांनी लावायला हवा. त्यांच्या सहीने. बुवा एकटे नव्हते हे मग दोन्ही देशांत छापून येईल, आत्या. ते मागे घेता येत नाही.’’

आत्याने भांडी जागच्या जागी लावली. एकेक, सावकाश. मग पदराला हात पुसून म्हणाली, कोणत्या तोंडाने जाऊ मी त्यांच्याकडे? आणि चप्पल घालायला गेली.

६

काकांनी दार उघडलं, आत्याच्या हातातली टेप पाहिली आणि सगळ्यात आधी तिलाच बसायला सांगितलं. साठी ओलांडलेल्या आत्याला ते अजून बेबी म्हणत. वकीलबाईंनी माफी मागितली तेव्हा ते म्हणाले, अहो, मी तर कबुली दिली होती, तुम्हीच केस सोडलीत.

मग वकीलबाईंनी कायदा समजावून सांगितला. ऐकता ऐकता काका आक्रसत गेले. मला नको ते, म्हणाले. बुवांच्या नावाला माझ्यामुळे डाग नको. साथीदाराने साथ करावी. टेपवर काय असायचं ते असो, मी त्यावर हक्क सांगणार नाही.

वकीलबाईंनी आणलेला कागद पिशवीतच राहू दिला; सही मागायची ती एका चांगल्या माणसाच्या मनाविरुद्ध, आणि तीही आपल्याच आजोबांच्या चुकीसाठी.

मग काकांनीच विचारलं, तेही टेपकडे बघत. ‘‘बेबी, शेवटी काही बोलले का गं बुवा? चाल झाल्यावर?’’

त्या वाक्याची कोर्टाला गरज नव्हती. व्हायोलिनवर चाल येते, एवढं ऐकवणं पुरेसं होतं. पुढचं न ऐकवताही खटला उभा राहिला असता. आत्याने ‘नाही’ म्हटलं असतं तर बुवांची निदान एक बाजू झाकली गेली असती, आणि या खोलीबाहेर ते कुणाला कळलंही नसतं.

‘‘बोलले,’’ आत्या म्हणाली. ‘‘ही चाल तुझी म्हणाले. उद्या सभेत सांगतो सगळ्यांना, म्हणाले. आणि सांगितलं नाही त्यांनी, दादा. एकदाही नाही.’’

वकीलबाईंना वाटलं, आता काका रागावतील, आणि रागावले तर बरंच. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हरवलेलं मूल दाराशी येऊन उभं राहावं, तसं काहीतरी होतं.

‘‘म्हणजे म्हणाले होते,’’ ते म्हणाले.

मग ते थोडं थोडं करून सांगू लागले. पहिल्या वर्षी रोज व्हायोलिन घेऊन उभं राहताना वाटायचं, आज सांगतील. नंतर वाटायला लागलं, विसरले असतील. मग बुवा गेले, आणि मनात आलं, ते तसं म्हणालेच नसतील. आपल्यालाच हाव सुटली असेल आणि आपणच ते वाक्य बुवांच्या तोंडी घातलं असेल. आपण देवमाणसावर त्याने न दिलेल्या शब्दाचा आळ घेतोय, म्हणून काका रोज दिवा मालवताना माफी मागायचे. काल जिन्याशी ते बसले होते ते खरं काय ते ऐकायला, आणि आत जायचा धीर झाला नाही. तेवढ्यात बेबी पदरात काहीतरी लपवून रडत बाहेर आली.

‘‘इतकी वर्षं मी कशाची माफी मागत होतो मग?’’ ते हसले, आणि हसता हसता त्यांना चेहरा झाकावा लागला.

आत्या उठून त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली. ती काय म्हणाली ते वकीलबाईंनी ऐकलं नाही. त्या मुद्दाम खिडकीपाशी जाऊन कुंड्या बघत राहिल्या. आजोबांवर रागवावं का त्यांची कीव करावी, ते त्यांना ठरवता येत नव्हतं. हजारो माणसांपुढे निर्भयपणे देवाबद्दल बोलणारा तो माणूस एक वाक्य बोलायला रोज घाबरत राहिला, आणि रोज तेच गाणं म्हणून झोपायला गेला. त्याला झोप लागत असेल?

हाक आली तेव्हा काका म्हणाले, आणा तो कागद.

याच कागदावर पुढे पलीकडच्या कोर्टात दावा उभा राहिला. हक्कदार जिवंत आहे म्हटल्यावर गाद्यांच्या नम्र वकिलाने पहिल्या तारखेआधीच जाहिरात मागे घेतली. टेपवाल्याने तर टेप उतरवून देताना खोकलासुद्धा पुसला नाही. पण हे सगळं नंतरचं.

काकांना पेन बोटांत धरता येईना. त्यांनी ते दोन्ही तळव्यांत धरलं, पेल्यासारखं. कागद सरकायला लागला तसा आत्याने दोन्ही हातांनी तो दाबून ठेवला. अक्षरं वेडीवाकडी, एकेक स्वतंत्र, धापा टाकत वर चढणाऱ्या माणसासारखी उमटत गेली. सही पूर्ण झाल्यावर काकांनी पेन खाली ठेवलं आणि पंजे मांडीवर उपडे ठेवून बसले.

आत्याने कागद उचलून डोळ्यांजवळ नेला. जन्मभर ती त्यांना दादा म्हणत आली होती, आणि सभेत कुणी विचारलं तर ‘ते होय, ते बुवांचे साथीदार’ असं सांगत आली होती. त्यांचं पूर्ण नाव लिहिलेलं तिने आज पहिल्यांदा पाहिलं. चष्मा सारखा करून तिने ते वाचलं, त्यांच्या वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, सभेत मागच्या बाकापर्यंत पोचेल एवढ्या मोठ्याने.